मुक्या वाटेवरची मांगूर

मोहघाटच्या तलावाच्या बांधावर बसून हे लिहितेय. यंत्राला एका वाचनाला चाळीस मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात मला करण्यासारखं काही नसतं, नुसतं भ्यायचं असतं, आणि नुसतं भीत बसण्यापेक्षा लिहिलेलं बरं.

माझं नाव दर्शना पचारे. नागपूरच्या एका प्रयोगशाळेत मी माशांची जनुकं वाचते. गाव पळसबोडी, इथून जंगलातल्या पायवाटेनं दोन कोस आणि डांबरी रस्त्यानं वळसा घालून बावीस किलोमीटर. आम्ही ढिवर, मासेमारीवर जगणारे. गावात दोन तळी आहेत. एक मालगुजारांच्या काळात बांधलेला मोठा तलाव, ज्याच्यावर गाव जगतं, आणि दुसरी त्याच्या वरच्या अंगाला असलेली मातामायची बोडी. बोडी म्हणजे लहान तळं. तिच्यात जाळं पडत नाही. तिथं राहते मांगूर, मिशावाली, बिनखवल्यांची, चिखलात बिळं करणारी आणि पाण्याबाहेरही बराच वेळ जीव धरून ठेवणारी चिवट मासळी. मोठ्या तलावातली मांगूर आम्ही चवीनं खातो, बोडीतली कोणी खात नाही. ती देवीची लेक.

दर आषाढात पहिल्या मंगळवारी बायका मोठ्या तलावातली गाभोळीनं सगळ्यात टच्च भरलेली मांगूर निवडतात, तिच्या डोक्याला हळदकुंकू लावतात, ओटीचे तांदूळ पाण्यात टाकतात आणि तिला बोडीत सोडतात. बदल्यात बोडीतल्या सात माद्यांची, त्यांनाही हळद लावून, सात गावांच्या तलावांत पाठवणी होते. पाठवणी दिवस उगवायच्या आत निघते. माशाची घागर डोक्यावर घेतली की ती आपल्या तलावात रिकामी होईपर्यंत बाईनं बोलायचं नाही, मागं पाहायचं नाही, कोणी हाक मारली तरी थांबायचं नाही. त्या वाटेला मुकी वाट म्हणतात. पुरुषांनी त्या दिवशी बांधावर पाय ठेवायचा नाही.

लहानपणी मला हा सगळा खुळेपणा वाटायचा. चार पुस्तकं शिकल्यावर कळलं की ज्या कोण्या म्हातारीनं हे ठरवलं, तिला वंश म्हणजे काय ते माझ्यापेक्षा जास्त समजत होतं. दर वर्षी प्रत्येक पाण्यात बाहेरची एक मादी आली की एकाच घराण्यात लग्नं होऊन वंश खंगत नाही. बारा वर्षांपासून या ओटीचा मान माझ्या आईचा आहे. सायत्राबाई पचारे, मी तिला माय म्हणते. मान होता, असं लिहायला हवं.

आता थोडं शास्त्र सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. प्राण्याच्या पेशीत ऊर्जा तयार करणारे बारीक कण असतात, त्यांना तंतुकणिका म्हणतात. या कणांजवळ स्वतःची वेगळी जनुकांची पोथी असते. गोल कड्यासारखी, मांगूरमध्ये साडेसोळा हजार अक्षरांची, त्यात अवघी सदतीस जनुकं. शरीराची बाकीची जनुकं आईबापांकडून निम्मी निम्मी येतात, हे कडं मात्र फक्त आईकडून येतं. बापाचं कडं अंड्यात शिरलंच तर तिथंच मोडून टाकलं जातं. म्हणून ते वाचलं की आई, आईची आई, तिची आई अशी वर वर जाणारी एकच रेघ सापडते.

मुलगा हा त्या रेघेचा शेवट. त्याच्याकडून पुढे काही जात नाही. त्यामुळे मुलाचं वाटोळं करणारा पण मुलीला न दुखवणारा बदल त्या कड्यात झाला, तर निसर्ग तो गाळून टाकत नाही. त्याला तो दिसतच नाही. शास्त्रात याला आईचा शाप म्हणतात. नाव मी ठेवलेलं नाही.

बारा वर्षांपूर्वी एका योजनेत हा शाप कामाला लावला गेला. परदेशी मांगूर, अंगानं आपल्या मांगूरच्या चौपट आणि खायला अधाशी, बंदी असूनही तलावातलावांत पसरली होती. तिच्या कड्यातलं एकच अक्षर बदललं. त्या एका अक्षरानं मादीची गाभोळी दीडपट व्हायची, आणि तिच्या पोटच्या नरांचं वीर्य मात्र पाण्यात पोहूच शकायचं नाही. अशा माद्या हजारांनी सोडल्या. लोक त्यांना सरकारी सुना म्हणायचे. सुनांना लेकी भरपूर आणि मुलगे सगळे बिनकामाचे, म्हणजे दहा वर्षांत परदेशी मांगूर आपोआप निकालात. ती बरीचशी निघालीही.

पण अशी मादी गावरान नराशी लागली तर? हा प्रश्न तेव्हा विचारला गेला होता आणि उत्तर शोधायचं काम माझ्याकडे होतं. मी चाळीस संकरित पिल्लं वाढवली. चाळीसही वांझ निघाली आणि मी अहवालावर सही केली, की संकरातून पुढे वंश चालत नाही. अवघी चाळीस. आमच्या तलावात एका पावसाळ्यात लाखांनी पिल्लं होतात. त्यांतली एक लेक जरी वांझ नसली, ती गावरान नराशी लागली, तिची लेक पुन्हा गावरान नराशी, तर चार-पाच पिढ्यांत मासा मिशीपासून शेपटीपर्यंत गावरान दिसतो. कडं मात्र परक्या आईचं राहतं, शापासकट. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, हे मी शाळेत पाटीवर गिरवलं होतं. सही करताना आठवलं नाही.

आणि सात वर्षांपूर्वी आषाढातच मायनं शेजारणीच्या फोनवरून मला एक फोटो पाठवला. ओटीसाठी निवडलेली मांगूर होती. एवढी टच्च भरलेली मासळी तिनं जन्मात पाहिली नव्हती, म्हणून तिला शंका आली होती. गावरानच आहे ना, एवढंच तिनं विचारलं. मी बसथांब्यावर होते आणि बस समोर आली होती. मिशा पाहिल्या, डोकं पाहिलं, आणि सांगून टाकलं, गावरान आहे, सोड. तिनं सोडली. नंतरही दर वर्षी बायका सगळ्यात भरलेली मादीच निवडत गेल्या, आणि सगळ्यात भरलेली असायची ती शापाची.

यंदा ज्येष्ठात तिचा फोन आला. बोडीतली अंडी पांढरी पडत होती. फळलेली अंडी पिवळसर राहतात, न फळलेली दुसऱ्या दिवशी पांढरी होऊन बुरशी धरतात. माय म्हणाली, तीन वर्षांपासून थोडी थोडी होत होती, यंदा बिळंच्या बिळं पांढरी. मी उन्हाळा फार झाला असेल असं काहीतरी बोलले. पण हे उन्हाळ्याचं काम नाही, हे मला ठाऊक होतं.

कारण त्याच महिन्यात मी जिल्ह्यातल्या साठ तलावांतले नमुने वाचून संपवले होते. आमची बोडी देवीची म्हणून त्यांत नव्हती. साठांपैकी एकोणसाठ तलावांत शापाचं अक्षर सापडलं. स्वच्छ निघालं एकच पाणी, मोहघाटचं. आमच्या प्रमुख वझलवार मॅडम कधी आवाज चढवत नाहीत. त्या दिवशीही चढवला नाही, पण केबिनचं दार लावून म्हणाल्या की आपल्या भागातल्या गावरान मांगूरचा वंश आता या एका तलावात आहे, भादव्यात तिथूनच बीज काढायचं, आणि तोवर बाहेरची एकही मादी तिथं जाता कामा नये. आजूबाजूचं सगळं नासलेलं असताना मोहघाटच कसं वाचलं, हे आम्हा दोघींनाही कळत नव्हतं.

ओटीच्या आदल्या दिवशी, सोमवारी दुपारी, मी पळसबोडीला पोचले. माय बोडीवरच होती. तिनं मला गुडघाभर पाण्यात नेऊन काठाचं एक बीळ दाखवलं. मांगूरमध्ये अंड्यांची राखण नर करतो. त्या बिळातली अंडी साबुदाण्यासारखी पांढरी झाली होती, वर बुरशीचे धागे आले होते, आणि नर तिथंच बसून शेपटीनं त्यांच्यावर पाणी हलवत होता. माय म्हणाली, पाच दिवसांपासून हा जागचा उठलेला नाही. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

मी बोडीतले वीस मासे तपासायला मागितले, आणि पाठवणीसाठी माठांत वेगळ्या ठेवलेल्या सात माद्या. बोडीच्या माशाला ओटीवालीचाच हात चालतो, म्हणून मायनंच एकेक धरून दिला. प्रत्येकाच्या शेपटीच्या परातून मी वरच्या बाजूनं नखाएवढा तुकडा कापून घेतला आणि ओसरीवर यंत्र लावलं. यंत्र जेवणाच्या डब्याएवढं आहे, एका वेळी तीस नमुने वाचतं.

ते वाचत होतं तोवर माय भाजी निवडत बोलत बसली. ती खुशीत होती. दहा वर्षांपूर्वी मोहघाटची एक बाई मुक्या वाटेवर असताना मागून हाक आली, आणि ती वळून ‘काय?’ म्हणाली. त्याच साली त्यांचा तलाव आटला. सगळ्यांनी तिलाच बोल लावला, भांडणं झाली, आणि मोहघाटनं पाठवणी नेणंच सोडलं. यंदा माय स्वतः तिथं जाऊन हातापाया पडली होती. अंडी पांढरी पडतात ती या रुसव्यानंच, अशी तिची खात्री होती.

“दहा वर्सांनं लेक जाईल मोहघाटले,” ती म्हणाली. “आता मातामाय राग सोडते, पायजो तू.”

मोहघाट कसं वाचलं ते मला तेव्हा कळलं. ते भांडणानं वाचलं होतं: तलाव आटला तेव्हा सरकारी सुना मेल्या, चिखलात तगली ती गावरान, आणि नंतर पाठवणीची मादी तिथं गेलीच नाही. आणि त्याच वेळी स्क्रीनवर निकाल आले. सत्तावीसच्या सत्तावीस शापाचे. मायचा चेहरा इतका फुललेला होता की मी स्क्रीन पालथी घातली.

तिनं विचारलं, काय म्हणते तुझं यंत्र? मी म्हटलं, अजून वाचतंय.

तिथंच सांगायला हवं होतं. मला सहीची भीती वाटत होती, नोकरीची वाटत होती, मॅडमची वाटत होती. पण ती सगळी वरवरची. बोडीत शाप नेऊन सोडणारे हात मायचे होते आणि ते तिनं माझ्या शब्दावर केलं होतं, हे तिला सांगायची मला खरी भीती होती. झाकली मूठ सव्वा लाखाची. सकाळी ओटीच्या आधी सांगू असं ठरवून मी पडले, आणि प्रवासाचा शीण म्हणा की भित्रेपणा म्हणा, मेल्यासारखी झोपले.

जाग आली तेव्हा उजाडत होतं आणि अंगणात माठ नव्हते. मी अनवाणीच बोडीकडे धावले. ओटी होऊन गेली होती. सात बायका सात वाटांना लागल्या होत्या. लांबच्या गावाची बाई आधी निघते, त्यामुळे मोहघाटची पार पळसांच्या झाडीत शिरली होती, तिची घागर तेवढी दिसत होती. मी जीव खाऊन ओरडले, थांबा, मासे सोडू नका. एकीनंही मान वळवली नाही. कशी वळवणार? हाक मारणाऱ्याचं ऐकायचं नाही, हीच तर ती वाट.

माय बांधावर रिकामी घागर कमरेवर घेऊन उभी होती. सातही गावं पोचेपर्यंत ओटीवालीनंही मौन पाळायचं असतं. तिनं ते मोडलं तर ओटी मोडली, सगळ्यांनी परत फिरायचं, आणि त्या बाईनं पुन्हा कधी ओटीला हात लावायचा नाही. मी तिच्यासमोर उभी राहून सगळं सांगितलं. चाळीस पिल्लं, सही, बसथांबा, फोटो, काल संध्याकाळचं खोटं. बाकीचे तलाव गेलेच आहेत, म्हटलं, मोहघाटची तेवढी थांबव, तेवढं एकच पाणी उरलंय. बोलता बोलता मी रडत होते.

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. घागर खाली ठेवली, तोंडाशी दोन्ही हात धरले आणि तलाव ओलांडून जाईल अशी हाक मारली.

“परत फिराऽऽ! ओटी मोडली व्होऽऽ!”

सहा बायका जागच्या जागी थांबल्या आणि एकेक करत वळल्या. मोहघाटच्या वाटेवर फक्त पळसाची पानं दिसत होती. मी त्या झाडीत धावले, पण आत वाटेला फाटे फुटले आणि चुकीच्या फाट्यावरून परत येईपर्यंत तासभर गेला.

मोहघाटच्या मच्छीमार संस्थेच्या अध्यक्षाचा नंबर माझ्याकडे होता. तो गोंदियाच्या बाजारात होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की आज बांधावर पुरुषांनी जायचं नसतं, आणि दहा वर्षांनी लेक येत असताना बाईला अडवून ते पाप तो घरच्यांच्या माथी मारणार नाही. मी गाडी काढली. माय शेजारी येऊन बसली. बावीस किलोमीटरांत ती एकदाच बोलली.

“तुह्या यंत्राले पोटातलं कळते, तं मंग फोटो पाहूनशान काऊन सांगितली?”

मी म्हटलं, घाईत होते. ती खिडकीबाहेर पाहत राहिली. याहून मोठी शिक्षा मला कोणी देऊ शकणार नाही.

आम्ही पोचलो तेव्हा मोहघाटची बाई पायरीवर बसून पाय धूत होती. शेजारी घागर उपडी पडली होती. अनसूया तिचं नाव, तिशीची असेल. मौन सुटलं होतं, म्हणून ती भरभरून बोलायला लागली. मायला पाहून तिनं पाया पडायला हात पुढे केले.

“आवाज आला होता मांगून,” ती म्हणाली. “तुमचाच वाटला. पण मी मांगं पायली नाई, उलट पाय उचलले. मांगच्या टायमाले माही सासू फसली होती. मी फसली नाई.”

मायनं तिचे हात धरले आणि तशीच उभी राहिली. अनसूया आळीपाळीनं आमच्या तोंडांकडे पाहायला लागली, आणि मग तिनं मला विचारलं, काही चुकलं का?

नाही, असं म्हणणं फार सोपं होतं. तोवर मी दोनदा तसंच केलं होतं.

मी तिला सांगितलं. तिचं काही चुकलं नव्हतं, माझं चुकलं होतं. सोडलेली मादी दिसायला गावरान आहे पण तिला आणि तिच्या लेकींना मुलगे होतील ते वांझ. ती इतरांच्या दीडपट अंडी घालेल, तिच्या लेकीही घालतील, आणि दहा-बारा वर्षांत या तलावातली अंडी पांढरी पडतील. एव्हाना बांधावर पंधरा-वीस बायका जमल्या होत्या. अनसूयाची सासूही होती, काठी टेकत आलेली. मला वाटलं, या मला पाण्यात ढकलून देतील, आणि ढकललं असतं तर मी काही म्हटलं नसतं.

अनसूयानं आपल्या तळव्यांकडे पाहिलं. मग तिनं विचारलं, ती ओळखायची कशी? हळद तर केव्हाच धुऊन गेली असणार. मी म्हटलं, शेपटीच्या परावर वरच्या बाजूला नखाएवढी खाच आहे, काल मीच कापली. ती म्हणाली, कुठं सोडली ते तिला माहीत आहे. तिनं बोट दाखवलं त्या जागेपासून पुढं चाळीस एकर पाणी होतं, अर्ध्यावर कमळाची पानं, आणि खाली कमरेएवढा चिखल.

सगळ्यांच्या आधी माय पाण्यात उतरली. मांगूर जाळ्यात येत नाही, चिखलात पायानं चाचपून हातानं धरावी लागते, आणि ते आमच्या बायकांइतकं कोणाला येत नाही. मागून अनसूया उतरली, मग एकेक करून सगळ्या. सासू काठावर बसून कोणी कुठं पाहिलं ते लक्षात ठेवत होती. मी वझलवार मॅडमना फोन करून सगळं सांगितलं, जुन्या सहीसकट. त्या ऐकून घेऊन एवढंच म्हणाल्या की यंत्र तिथून हलवू नकोस.

एक गोष्ट राहिली होती. माशाचा कापलेला पर परत उगवतो, तीन आठवड्यांत खाच भरून येते. त्याआधी ती अंडी घालणार नाही असंही नाही. बायका पाण्यात गळ्यापर्यंत उतरल्या होत्या. तेही मी त्यांना ओरडून सांगितलं.

आज बारावा दिवस. चारशे एकतीस मांगूर धरून झाल्या. शेपटी जराशी फाटलेली दिसली की ती माझ्याकडे येते, कारण पर आपसांतल्या भांडणातही फाटतो आणि आता नुसत्या नजरेवर कोणी विसंबत नाही. काट्यांनी मायचे दोन्ही पंजे सुजले आहेत. मला ती अजून ‘दर्शना’ म्हणते, ‘पोरी’ म्हणत नाही. मघाशी तिनंच एक मांगूर आणून दिली, चांगली भरलेली, शेपटीवर वरच्या बाजूला खाच, अर्धी भरत आलेली. मी तुकडा कापला आणि यंत्र लावलं.

यंत्र आत्ता थांबलं. मायला वाचता येत नाही, त्यामुळे ती स्क्रीनकडे पाहत नाही, माझ्या तोंडाकडे पाहते.

“ही नाही, माय,” मी म्हटलं.

ती उठली, पदर खोचला आणि पुन्हा पाण्यात शिरली.